आधी मेहर लिहा, मग मांडव

पावसाळा संपत आला होता. रविवारी दुपारी आमची एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. सातवीत असताना गणिताला घाबरणारी ही मुलगी आता शहरातल्या एका दवाखान्यात नर्स आहे, स्वतःच्या पायावर उभी आहे. सलाम-दुआ झाली, चहा झाला. मग तिने पर्समधून शंभर पानी वही काढली आणि आमच्यापुढे ठेवली.

“सर, एवढा हिशेब तपासून द्या.”

आम्हाला वाटले, कुठल्या परीक्षेचा अभ्यास असेल. उघडून पाहतो तर पहिल्या पानावर तिच्याच निकाहाचा खर्च. अक्षर तिच्या वडिलांचे. रिश्ता ठरलेला. मुलगा नागापूर एमआयडीसीतल्या कारखान्यात फिटर, घर भिंगारला, माणसे चांगली. तारीख अडीच महिन्यांवर.

पान असे होते:

लॉन्सचे भाडे – 90,000
जेवण, 600 माणसे, ताट 220 प्रमाणे – 1,32,000
फर्निचर, फ्रिज, वॉशिंग मशीन – 1,50,000
कपडे – 70,000
फोटो-व्हिडिओ – 45,000
स्टेज, लाइट, डीजे – 40,000
हल्दी-मेहंदीचे कार्यक्रम – 35,000
पत्रिका – 12,000

एकूण 5 लाख 74 हजार. सोने यात नव्हते. दहा ग्रॅमचा भाव लाखाच्या पुढे गेल्यामुळे आईचेच जुने दोन दागिने पॉलिश करून द्यायचे ठरले होते. वडिलांकडे शिल्लक 2 लाख 74 हजार. खाली लाल पेनाने लिहिले होते : पतसंस्था – 3 लाख.

आम्ही बेरीज तपासली. बरोबर होती. म्हटले, “बेटा, हिशेब चुकलेला नाही.”

ती म्हणाली, “सर, बेरीज बरोबर आहे, पण मेहर कुठे आहे?”

आम्ही पान पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचले. मेहर कुठेच नव्हता. विचारले तेव्हा कळले, बैठकीत मोठ्यांनी पाच हजार रुपये ठरवले होते, तेही उधार. डीजेला चाळीस हजारात वाटा आणि मेहर पाच हजार! जी गोष्ट निकाहात वाजिब आहे ती वहीत नाही, आणि जिच्यावाचून काहीही अडत नाही तिला आठ ओळी.

वाचक बंधू-भगिनींनो, ही एका घराची वही नाही. आपल्यातल्या बहुतेक घरांच्या वह्या अशाच उलट्या लिहिलेल्या असतात. आमच्याही घरची होती.

आमच्या अब्बांचे नऊ वर्षांचे हप्ते

1994 साली आमच्या आपाचा निकाह झाला. आम्ही तेव्हा शाळेत होतो. अब्बांचे टेलरिंगचे छोटे दुकान होते. त्यांनी चाळीस हजार रुपये कर्ज काढले, थोडे पतपेढीचे, थोडे ओळखीच्या माणसाकडून व्याजाने. पाचशे माणूस जेवले. जहेजमध्ये लोखंडी कपाट दिले. आपाच्या सासरी ते ठेवायला जागाच नव्हती. कित्येक वर्षे ते बाहेरच्या बोळात उभे होते आणि त्यात शेजाऱ्यांच्या कोंबड्या बसायच्या.

अब्बा 2003 पर्यंत ते कर्ज फेडत होते. एक हप्ता चुकला की दुसऱ्याकडून उसने. दुकानातली दुसरी मशीन विकली गेली. आमचे बीएड दोन वर्षे पुढे गेले, कारण फीचे पैसे हप्त्यात जात होते. अब्बांनी याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. आपाला मात्र सगळे माहीत होते. माहेरी आली की ती आधी दुकानात डोकावून मशिनी मोजायची.

आणि त्या पाचशे माणसांनी काय लक्षात ठेवले? आजही एखादा नातेवाईक भेटला की म्हणतो, “तुम्हारी आपा की शादी में दालचा जरा पतला था.” नऊ वर्षांच्या हप्त्यांची एवढीच पावती. ज्या लोकांच्या बोलण्याला भिऊन खर्च केला, ते बोललेच.

हे आम्ही त्या मुलीला सांगितले. ती म्हणाली, “सर, हे माझ्या अब्बांना येऊन सांगाल?”

तीन लाखांची खरी किंमत

जुम्माच्या संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो. वडिलांचे गॅरेज आहे. हात नुकतेच साबणाने धुतलेले, पण नखांत ऑइल तसेच. त्यांनी आमचे सगळे ऐकून घेतले आणि खाली मान घालून म्हणाले, “मास्टरसाब, एकही तो बेटी है. लोगां बोलेंगे, बाप के पास कुछ नहीं था.”

या वाक्याला उत्तर देणे सोपे नाही. बापाची इज्जत ही चेष्टेची गोष्ट नाही, आणि तिच्यावर कुणी वाज़ ऐकवू नये. म्हणून आम्ही वाज़ केला नाही. शाळेत करतो तेच केले. वहीचे कोरे पान घेतले आणि गणित मांडले. तीन लाख कर्ज, व्याज सालाना 14 टक्के, मुदत पाच वर्षे. महिन्याचा हप्ता सुमारे 6,980 रुपये. पाच वर्षांत भरायची रक्कम 4 लाख 18 हजारांच्या वर. म्हणजे जवळजवळ 1 लाख 19 हजार रुपये नुसते व्याज.

“भाईसाब, एवढ्या व्याजात एका साध्या निकाहाचा खर्च निघतो,” आम्ही म्हणालो. “आणि सूद देणे-घेणे आपल्याकडे काय आहे, ते मी तुम्हाला सांगायला नको.”

ते गप्प राहिले. मुलीच्या आईने मात्र पहिल्यांदा तोंड उघडले. “मैं कब से येईच बोल रही.”

ज्या निकाहांची आपण मिसाल देतो

आपण प्रत्येक लग्नात हजरत फातिमा (रजि.) यांचे नाव घेतो. पत्रिकेवर छापतो, रुखसतीच्या वेळी स्त्रिया त्यांची आठवण काढून रडतात. पण तो निकाह कसा झाला? हजरत अली (रजि.) यांच्याकडे मेहर द्यायला रोकड नव्हती. त्यांनी आपली जिरह, म्हणजे लढाईतले चिलखत, विकले. त्या पैशातून मेहर झाला आणि त्याच पैशातून घरच्या गरजेच्या चार वस्तू आल्या, असे चरित्रकार सांगतात. जाते, पाण्याची मशक, खजुराच्या काथ्याने भरलेली उशी. म्हणजे ज्याला आपण ‘जहेज-ए-फातिमी’ म्हणतो, त्याचा पैसा नवऱ्या मुलाच्या खिशातून आला होता. आपण वस्तूंची यादी तेवढी उचलली, लांबवली, आणि बिल मात्र मुलीच्या बापाकडे पाठवले.

वलीम्याचेही तसेच. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी निकाह केला तेव्हा प्रेषितांना (स.) ते कपड्यावरच्या रंगाच्या खुणेवरून कळले. आधी मोठी दावत नाही, निमंत्रण नाही. मेहर काय दिला, ते प्रेषितांनी (स.) विचारले आणि एका बकरीचा का होईना, वलीमा कर असे सांगितले. खैबरहून परतताना हजरत सफिया (रजि.) यांच्या निकाहाचा जो वलीमा झाला, त्यात खजूर, पनीर आणि तूप होते. चामड्याचे दस्तरखान अंथरले आणि ज्याच्याजवळ जे होते ते त्याने आणून ठेवले.

निकाहासाठी लागते काय? दोघांची राजीखुशी, इजाब-कबूल, साक्षीदार, मुलीचा वली आणि मेहर. यात लॉन्स नाही, स्टेज नाही, मुलीकडचे सहाशे माणसांचे जेवण तर नाहीच. दावत सुन्नत आहे ती वलीम्याची, आणि ती मुलाची जबाबदारी. कुरआनमध्ये, सूरह निसाच्या सुरुवातीलाच, बायकांचा मेहर खुशीने द्यावा असा हुकूम आहे.

मग मेहर किती असावा? मुलाची ऐपत पाहून, पण थट्टा वाटेल इतका कमी नाही. हनफी मसलकात कमीत कमी दहा दिरहम, म्हणजे सुमारे 30.6 ग्रॅम चांदी. मेहर-ए-फातिमी आपल्याकडचे उलेमा 131 तोळे 3 मासे चांदी धरतात, म्हणजे साधारण 1,531 ग्रॅम. चांदी किलोला एक लाख धरली तर हा आकडा 1 लाख 53 हजार होतो. भाव रोज बदलतो, म्हणून निकाहाच्या दिवशी सराफाकडे भाव विचारून रक्कम काढावी. ‘मेहर-ए-फातिमी’ असे नुसते लिहून सोडू नये. ग्रॅम लिहावेत, रुपये लिहावेत, रोख किती आणि उधार किती तेही लिहावे.

शेजारच्या गावाचा धडा

आपल्याच जिल्ह्यात, पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धी आहे. पाणलोटाच्या कामामुळे आणि अण्णा हजारे यांच्यामुळे ते सगळ्यांना माहीत झाले. पण त्या गावाने लग्नाच्या खर्चावरही उपाय शोधला होता, हे फार कुणी सांगत नाही. गरीब माणूस लग्नापायी कर्जात बुडतो, हे ओळखून गावाने सामुदायिक विवाह सुरू केले. जेवण एकत्र. स्वयंपाक आणि वाढप तरुण मंडळाच्या पोरांकडे. भांडी, मांडव, लाउडस्पीकर, सजावटीचे सामान मंडळाने एकदाच विकत घेतले. 1976 ते 1986 या दहा वर्षांत अशी 424 लग्ने लागली. एका लहानशा दुष्काळी गावात!

2025 मध्ये आपल्याच शहरात मराठा समाजाने बैठक घेऊन लग्नासाठी आचारसंहिता ठरवली. पाहुणे दोनशेच्या आत, डीजे नको, प्री-वेडिंग शूट नको. शहराचे नाव अहिल्यानगर झाले तरी आमच्या तोंडात अजून नगरच येते, आणि नगरच्या माणसांना लग्नाच्या खर्चाचे हे दुखणे धर्म-जात न बघता झाले आहे. शेजारी जागा होत असेल तर आपण झोपून का राहावे?

आपल्या मोहल्ल्यांत तर अर्धी सोय आधीच असते. कितीतरी जमातींकडे देगा, ताटे, दऱ्या, खुर्च्या असतात. जमातखाना असतो. मशिदीचे अंगण असते. नसेल तिथे दहा घरांनी मिळून चार देगा आणि दोनशे ताटे घेतली, तरी पुढच्या वीस निकाहांचे भाडे वाचते.

वहीचे दुसरे पान

वडिलांनी शेवटी वही मुलीकडे सरकवली. “तूच लिख.” मग त्या मुलीने आणि होणाऱ्या नवऱ्याने, दोन्हीकडच्या आई-वडिलांना समोर बसवून, दुसरे पान लिहिले. तिने आमच्याकडे नियम मागितला. आम्ही एकच सांगितला : जे निकाहानंतरही राहते ते आधी लिही, जे त्या दिवशी संपते ते नंतर.

म्हणून पहिल्या ओळीत मेहर आला. मुलगा प्रामाणिक निघाला. म्हणाला, मेहर-ए-फातिमी देण्याची आज माझी ऐपत नाही. खोटे लिहून देणार नाही. 51 हजार देतो, त्यातले 25 हजार निकाहाच्या मजलिसमध्ये रोख, बाकीचे दोन वर्षांत. त्याने बारातीचा डीजे आणि घोडा रद्द केला, तेव्हा ही रोकड निघाली. काझी साहेबांनी निकाहनाम्यात तसेच लिहिले.

दुसरी ओळ पाहुण्यांची. आमचा अनुभव आहे की लग्नाच्या बजेटमध्ये एकच आकडा खरा असतो, माणसांचा. जागा, ताटे, खुर्च्या, पत्रिका, पाणी, सगळे त्याच्यावरून वाढते. त्यांनी यादी करताना प्रत्येक नावापुढे एक प्रश्न विचारला : मागच्या दोन वर्षांत आपल्या घरच्या सुखदुःखात हा माणूस आला होता का, किंवा आपण त्याच्याकडे गेलो होतो का? सहाशेचे दीडशे झाले.

मुलीकडचा खर्च असा ठरला :

बाहेरगावच्या 60 नातेवाइकांचे जेवण, खाना-दालचा – 10,000
मशिदीत निकाहानंतर 150 जणांना चहा-नाश्ता, खजूर – 6,000
जमातखान्याचे भाडे – 6,000
मांडव, खुर्च्या, भांडी – 9,000
कपडे – 28,000
घरसंसाराच्या गरजेच्या वस्तू – 40,000
फोटोग्राफर, अर्धा दिवस – 8,000
मेहंदी, घरच्या घरी – 3,000
मोठ्यांसाठी थोड्या पत्रिका, बाकीच्यांना फोन – 1,500
काझी साहेब, मशीद, नोंदणी – 3,500

बेरीज 1 लाख 15 हजार. त्यावर दहा टक्के, म्हणजे 11,500, अचानक खर्चासाठी बाजूला. एकूण 1 लाख 26 हजार 500. ही दहा टक्क्यांची ओळ कुणीही गाळू नये. लग्नघरात गॅसची टाकी ऐनवेळीच संपते. संसाराच्या वस्तू मुलीने स्वतःच्या पगारातून, स्वतःच्या नावे बिल करून घेतल्या. सासरच्यांनी काही मागितले नव्हते, तरी यादी करून दोघांनी सह्या केल्या. वडिलांच्या शिलकीतले निम्म्याहून जास्त पैसे तसेच राहिले आणि पतसंस्थेचा अर्ज फाडला गेला.

वलीमा मुलाने केला, दोनशे माणसांचा, स्वतःच्या बोनसमधून.

सगळे गोड झाले असे मात्र नाही. मुलाच्या चुलत्यांना तीनशेची बारात हवी होती. ते निकाहाला आले नाहीत. मुलीची फुफू मजलिसमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, “इतना बी क्या कंजूसपन.” मुलीच्या वडिलांचा चेहरा पडला, तो आम्ही पाहिला. साधा निकाह करायचा तर एवढे सोसायची तयारी ठेवावी लागते. पण मजलिसमध्ये मुलाने 25 हजारांचे पाकीट काझी साहेबांसमोर ठेवले आणि ते आत मुलीच्या हातात गेले, तेव्हा मागच्या रांगेतले दोन-तीन बाप एकमेकांकडे बघत होते. त्यांच्याही घरी मुली आहेत.

तुमच्या घरी निकाह ठरला असेल तर

कायद्याच्या चार गोष्टी लक्षात ठेवा. 1961 च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने हुंडा घेणे आणि देणे दोन्ही गुन्हा आहे. शिक्षा कमीत कमी पाच वर्षे कैद, आणि दंड पंधरा हजार किंवा हुंड्याची रक्कम यांतला जो जास्त तो. मेहर या कायद्यात हुंड्यात मोडत नाही. कुणी न मागता भेटवस्तू दिल्या, तर त्यांची लेखी यादी ठेवा.

निकाहानंतर 90 दिवसांच्या आत सरकारी नोंदणी करा. महाराष्ट्रात त्यासाठी 1998 चा कायदा आहे. निकाहनामा, वयाचा आणि पत्त्याचा पुरावा, फोटो आणि तीन साक्षीदार तयार ठेवा. पासपोर्ट असो, नाव बदलणे असो, नाहीतर उद्या काही वाद उभा राहो, हा कागद कामाला येतो. आम्ही शाळेत दाखल्यांची कामे करतो, म्हणून कळकळीने सांगतो. हजारो रुपयांचा अल्बम असलेल्या कितीतरी जोडप्यांकडे हा एक कागद नसतो.

आणि मुलामुलींनो, स्वतःच्या निकाहाच्या खर्चाला स्वतः बसा. बाप कर्ज काढतो आहे हे माहीत असून स्टेजचा रंग निवडत राहणे, हे आपल्याला शोभत नाही. अम्मी-अब्बांना उलट बोलू नका, फक्त वही मागा. खर्च कमी करा असे त्यांना आपण म्हटले की त्यांना वाईट वाटते. हिशेब आपण हातात घेतला की त्यांच्या खांद्यावरचे ओझे उतरते.

मागच्या महिन्यात ती मुलगी नवऱ्यासोबत सलाम करायला आली होती. जाताना वही आमच्याकडेच ठेवून गेली. म्हणाली, “सर, दुसऱ्या कुणाला लागली तर द्या.” पहिले पान तिने फाडलेले नाही, दोन्ही पाने समोरासमोर आहेत. आमची लेक आता अकरावीत आहे. आम्ही ती वही कपाटात, तिच्या पुस्तकांशेजारी ठेवली आहे.

अल्लाह आपल्या सगळ्यांच्या मुलामुलींचे निकाह आसान करो, आणि कुठल्याही बापाला आपल्या लेकीच्या निकाहाचे हप्ते मोजायला लावू नको. आमीन.